कुशीवर वळलं की घर फिरतं, डोळे मिटले की तोल जातो: कान, डोळे की मेंदू?

पर्वती_पायथा

सासूबाईंसाठी विचारते आहे. वय ६७, मधुमेह १२ वर्षं, मेटफॉर्मिन ५०० दिवसातून दोनदा, रक्तदाबाची एक गोळी सकाळी. पूर्ण शाकाहारी. तक्रारी त्या सांगतात तशाच लिहिते.

एक: गेले नऊ दिवस अंथरुणात उजव्या कुशीवर वळल्या की खोली गरागरा फिरते. घड्याळ लावून पाहिलं, १५ ते २० सेकंद. फळीवरचा डबा काढायला मान वर केली की पुन्हा तेच. मळमळतं, दोनदा उलटी झाली. एरवी ठीक. ऐकू पूर्वीइतकंच येतं, कानात आवाज नाही.

दोन: दीड महिन्यापूर्वी नवा प्रोग्रेसिव्ह चष्मा केला. जिना उतरताना पायरी वर आल्यासारखी दिसते, पाय कुठे टाकायचा कळत नाही.

तीन: गेलं वर्षभर बेसिनपाशी डोळे मिटून तोंड धुताना किंवा रात्री लाइट गेल्यावर तोल जातो. तळपायाखाली कापूस पसरल्यासारखं वाटतं म्हणतात.

जवळच्या दवाखान्यात मानेचा एक्स-रे काढला, मणके झिजलेत म्हणून पट्टा दिला आणि चक्करेची सिनॅरिझिन गोळी दिवसातून तीन वेळा, महिनाभर. पट्ट्याने काही फरक नाही, गोळीने पेंग येते. आम्ही सिंहगड रस्त्याला तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही, त्यामुळे जिन्याची धास्ती आहे. कान-नाक-घसावाले, डोळ्यांचे की न्यूरो, आधी कोणाकडे न्यायचं? एमआरआय लगेच करावा का?

अर्धवर्तुळ

तिन्ही तक्रारी वेगवेगळ्या लिहिल्यात हे फार चांगलं केलंत. बहुतेक घरांतून 'चक्कर येते' एवढंच सांगितलं जातं आणि निदान तिथेच भरकटतं. तोल सांभाळायला मेंदूला तीन ठिकाणांहून माहिती लागते: आतला कान, डोळे, आणि तळपाय व सांध्यांतून वर जाणाऱ्या नसा. सासूबाईंच्या बाबतीत मला तिन्हीकडे एकेक बिघाड दिसतो आहे. मी कानापुरतं लिहितो.

पहिली तक्रार हे बीपीपीव्हीचं, म्हणजे आतल्या कानातले कण जागा सोडून गेल्याने येणाऱ्या चक्करेचं, अगदी ठळक चित्र आहे. आतल्या कानात यूट्रिकल नावाची छोटी पिशवी असते, तिच्यातल्या चिकट थरावर कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म कण बसलेले असतात. वाढतं वय, डोक्याला लागलेला मार, बरेच दिवस अंथरुणात पडून राहणं, कानाच्या नसेला येऊन गेलेली सूज, अशा कारणांनी कण सुटतात आणि शेजारच्या अर्धवर्तुळाकार नलिकेत उतरतात. बऱ्याचदा कारण सापडतही नाही. तीन नलिकांपैकी मागची सर्वांत खाली असते, म्हणून बहुतेक वेळा कण तिच्यातच अडकतात. डोक्याची दिशा बदलली की ते द्रवात घरंगळतात, सोबत द्रव ओढला जातो, आणि डोकं थांबलं तरी 'अजून फिरतोय' असा निरोप मेंदूकडे जात राहतो. कण तळाशी बसले की निरोप बंद. म्हणून १५-२० सेकंद. दर वेळी सलग मिनिटाच्या पुढे जात असेल तर दुसरा विचार करावा लागतो.

किती वेळ टिकते हा चक्करेचा सर्वांत उपयोगी पुरावा आहे, तपासणीच्या यंत्रांपेक्षाही. काही सेकंद आणि डोकं हलवल्यावरच, तर कण. २० मिनिटं ते १२ तास, सोबत एका कानात दडा बसलेला, घूं आवाज, त्या कानाचं ऐकू येणं कमी-जास्त होणं, तर मेनिएरचा आजार; यात आतल्या कानातल्या द्रवाचा दाब वाढलेला असतो आणि मीठ कमी करण्यापासून सुरुवात होते. ५ मिनिटं ते ३ दिवस आणि त्या वेळी उजेड-आवाज नकोसा, तर मायग्रेनची चक्कर. त्यात दर वेळी डोकं दुखेलच असं नाही, म्हणून ती फार सुटते. अचानक सुरू होऊन दिवसच्या दिवस थांबतच नाही, तर तोलाच्या नसेची सूज किंवा मेंदूतला झटका. त्यावर इथले न्यूरोवाले लिहितील.

निदानाला डिक्स-हॉलपाइक चाचणी लागते. १९५२ पासून ती तशीच चालत आली आहे, यंत्र लागत नाही, पाच मिनिटं पुरतात. पेशंटला टेबलावर बसवून मान एका बाजूला ४५ अंश वळवतात आणि झटकन उताणं करतात, डोकं टेबलाच्या कडेखाली २०-३० अंश लोंबेल असं. कण त्या बाजूला असतील तर दोन-पाच सेकंदांनी गरगर सुरू होते आणि डोळे आपोआप हिसके मारायला लागतात, कपाळाकडे आणि खालच्या कानाकडे पिळल्यासारखे. याला निस्टॅग्मस म्हणतात. डॉक्टर हे डोळे पाहूनच निदान करतात. म्हणून तपासताना पेशंटने डोळे घट्ट मिटायचे नाहीत, कितीही भीती वाटली तरी.

उपचार म्हणजे एप्ली: डोकं ठरावीक क्रमाने फिरवून कण नलिकेतून पुन्हा यूट्रिकलमध्ये आणायचे. जॉन एप्ली या अमेरिकन डॉक्टरांनी १९९२ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली. पहिल्या वेळी कान-नाक-घसा तज्ज्ञ किंवा तोलावर काम करणाऱ्या (व्हेस्टिब्युलर) फिजिओथेरपिस्टकडूनच करून घ्या. उजव्या कानासाठी क्रम असा:

१. पलंगावर पाय पसरून बसवा. आडवं झाल्यावर खांद्याखाली येईल अशा बेताने मागे उशी ठेवा. मान उजवीकडे ४५ अंश.
२. तशीच वळलेली मान ठेवून पटकन उताणं. उशी खांद्याखाली, डोकं गादीवर टेकून किंचित मागे. गरगर थांबेपर्यंत, आणि वर ३० सेकंद.
३. डोकं न उचलता डावीकडे ९० अंश वळवा. ३० ते ६० सेकंद.
४. मानेचा कोन न बदलता सगळं अंग डाव्या कुशीवर. आता नाक जमिनीकडे. ३० ते ६० सेकंद.
५. हनुवटी छातीकडे ठेवून डाव्या कडेने पाय खाली सोडत उठवा. दहा मिनिटं बसवून ठेवा.

चुका कुठे होतात ते सांगतो, कारण 'व्हिडिओ बघून केलं, काही झालं नाही' ही तक्रार रोजची. तिसऱ्या पायरीला माणूस नकळत डोकं उचलतो आणि कण आल्या वाटेने मागे जातात. चौथ्या पायरीला नाक जमिनीकडे न जाता समोरच्या भिंतीकडे राहतं, मग कण शेवटच्या वळणावर अडकतात. गरगर सुरू झाली की घाबरून मध्येच उठून बसतात. आणि सर्वांत मोठी चूक म्हणजे बाजूच चुकीची धरणं. पाचव्या पायरीला कधी कधी ढकलून दिल्यासारखा जोराचा झोक जातो, तेव्हा दुसऱ्या माणसाने दोन्ही खांदे धरून ठेवायचे. फार मळमळत असेल तर अर्धा तास आधी उलटी थांबवणारी एक गोळी डॉक्टर देतात, तेवढ्यापुरतीच.

नीट केली तर बहुतेकांना एक ते तीन वेळांत आराम पडतो. नंतर दोन दिवस बसून झोपा, मान हलवू नका, ही जुनी पथ्यं आता लागत नाहीत असं दिसून आलं आहे. एप्लीनंतर उताणं असताना दोन्ही कुशींवर आधीपेक्षा जोरात गरगरायला लागलं तर कण आडव्या नलिकेत गेले असतील. तिची पद्धत निराळी, एप्लीच पुन्हा पुन्हा करत बसू नका.

आता गोळी. नलिकेत पडलेले कण सिनॅरिझिनने हलत नाहीत, चक्करेच्या दुसऱ्या गोळीने, बीटाहिस्टीननेही नाहीत. सिनॅरिझिन मेंदूची तोल सावरून घेण्याची क्रिया मंदावते आणि वयस्कर माणसांत महिनोन्महिने चालू राहिली तर हाताला कंप, मंद चाल, भावहीन चेहरा अशी पार्किन्सनसारखी लक्षणं आणते. उलटी-चक्करेवरच्या प्रोक्लोरपेराझिनचंही तेच. तीव्र चक्करेत दोन-तीन दिवस ठीक, एक महिना कशासाठी? ज्यांनी लिहून दिली त्यांना विचारून बंद करा. पेंगेमुळे जिन्यावरचा धोका आत्ताच वाढलेला आहे.

आणि मानेच्या मणक्याबद्दल: साठीनंतर जवळजवळ प्रत्येकाच्या एक्स-रेत झीज दिसते. ती दिसली म्हणून चक्कर तिचीच, हे गणित चुकीचं आहे.

चेतापेशी

वरचं शेवटचं वाक्य पुण्यातल्या प्रत्येक ओपीडीबाहेर लावायला हवं. मानेची झीज खरंच त्रास देते तेव्हा तो हातापायांत उतरतो: ब्लाउजची हुकं लावता येत नाहीत, किल्ली फिरवताना बोटं अडखळतात, पाय ताठर होतात, मान खाली घातली की पाठीतून करंट गेल्यासारखं होतं. असं काही असेल तर मानेचा एमआरआय. नुसत्या गरगरण्यासाठी नाही.

तिसरी तक्रार मात्र माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत महत्त्वाची. उजेडात नीट, डोळे मिटले की झोक, याचा अर्थ पायांकडून येणारा निरोप कमी झालाय आणि डोळे ती उणीव भरून काढताहेत. तोंड धुताना डोळे मिटले की तो आधारही जातो. दवाखान्यात हीच गोष्ट पाय जुळवून, डोळे मिटून उभं करून पाहतात. तिचं नाव रॉम्बर्ग. घरी करायची तर कोपऱ्यात उभं करा, दोन्ही बाजूंना भिंत आणि समोर तुम्ही.

आणखी एक विचारा: चालताना पायातली चप्पल कधी निसटली आणि लक्षातच आलं नाही, असं होतं का? मधुमेहात ही खूण फार बोलकी असते. तळपाय रोज बघा, जखम झालेली त्यांना कळणार नाही.

कारणं दोन, आणि दोन्ही एकत्र असू शकतात. बारा वर्षांच्या मधुमेहात लांब नसा आधी झिजतात, म्हणून सुरुवात पायाच्या बोटांपासून आणि दोन्हीकडे सारखी. दुसरं बी-१२. ते प्राणिजन्य अन्नातूनच मिळतं. शाकाहारी माणसाला आधार फक्त दूध, दही, ताक, पनीरचा. त्यात मेटफॉर्मिन आतड्यातून बी-१२ शोषणं कमी करतं. ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर आणखी घट. तिन्ही एकत्र आले की पातळी खाली जाणारच. बी-१२ कमी पडलं की पायाच्या नसांबरोबर मणक्यातल्या मज्जारज्जूचा मागचा भागही खराब होतो, सांधा कुठे आहे हे कळवणारा. तिथलं नुकसान फार लांबलं तर पूर्ण भरून येत नाही, म्हणून यात वेळ घालवू नका.

तपासण्या: बी-१२, एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), हिमोग्लोबिनसह सीबीसी, थायरॉइड, क्रिएटिनिन. बी-१२ २०० पिकोग्रॅमच्या खाली म्हणजे सरळ कमतरता. २०० ते ३०० हा अर्धवट पट्टा. लक्षणं असतील तर 'नॉर्मल' म्हणून सोडायचं नाही. हिमोग्लोबिन चांगलं आहे म्हणून बी-१२ ठीक असेल असंही धरू नका. तपासताना १२८ हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क पायाच्या अंगठ्यावर ठेवतात आणि १० ग्रॅमचा नायलॉनचा धागा तळपायाला टोचतात. पाच मिनिटांचं काम आहे. झालं नसेल तर करायला सांगा. फॉलिक ॲसिड एकटं कधीच देऊ नका: रक्त सुधारलेलं दिसतं आणि नसांचं नुकसान आतल्या आत चालूच राहतं.

रक्तदाबाची गोळी आहे म्हणून हेही मोजा. पाच मिनिटं आडवं ठेवून दाब घ्या, मग उभं करून एका मिनिटाला आणि तिसऱ्या मिनिटाला. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने उतरला तर उठताना डोळ्यापुढे अंधारी येण्याचं कारण तिथे आहे. ही अंधारी आणि गरगर या वेगळ्या गोष्टी आहेत: अंधारी उठल्यावर येते, आडवं झालं की जाते. बीपीपीव्ही आडवं होताना, कुशीवर वळताना किंवा मान वर करतानाही येतं.

एमआरआय सध्याच्या वर्णनावरून आधी लागत नाही. पण खालचं काहीही दिसलं तर ओपीडीची वाट बघायची नाही, १०८ ला फोन: गरगर थांबतच नाही आणि आधाराशिवाय उभंही राहता येत नाही, बोलणं जड झालं, एकाची दोन दिसायला लागली, घास किंवा पाणी गिळताना ठसका, अर्ध्या चेहऱ्याला बधिरपणा, हातापायातली ताकद गेली, मानेत-डोक्यात कधी नव्हे अशी तीव्र कळ, किंवा चक्करेबरोबरच एका कानाचं ऐकू येणं एकदम बंद. मेंदूच्या मागच्या भागाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली की असं होतं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांत द्यावं लागतं. झोपेतून उठताना लक्षणं दिसली तर घड्याळ 'शेवटचं ठीक पाहिलं' तेव्हापासून धरतात, ती वेळ लक्षात ठेवून सांगा. नेण्याआधी फोनवर विचारा की सीटी स्कॅन आणि न्यूरोवाले आत्ता उपलब्ध आहेत का. सिंहगड रस्त्यावरून संध्याकाळी चुकीच्या ठिकाणी पोचून पुन्हा फिरणं परवडत नाही. सीटी रक्तस्राव लगेच दाखवतो, मेंदूच्या मागच्या भागातली ताजी गुठळी मात्र त्यात बहुधा दिसत नाही. पहिल्या एक-दोन दिवसांत एमआरआयसुद्धा काही जणांत साफ येतो. अशा सलग चक्करेत जाणकार डॉक्टर डोळ्यांची हालचाल आणि मान झटकन वळवल्यावर नजर टिकते का हे पाहतात, ते पहिल्या दिवशी स्कॅनपेक्षा जास्त सांगून जातं.

एक कळकळीची विनंती: चक्करेवर उपाय म्हणून कोणाकडूनही मान मोडून घेऊ नका. केस कापल्यावर खुर्चीत 'कट्ट' करून देतात तसलं तर नाहीच. मानेच्या मणक्यातून मेंदूकडे जाणारी धमनी त्या झटक्याने आतून फाटू शकते, आणि मग खराच झटका येतो. पट्टाही काढून टाका. मान आखडते आणि पायाखालचं दिसत नाही.

काचभिंग

चष्म्याबद्दल. प्रोग्रेसिव्ह काचेचा खालचा भाग हातभर अंतरावरचं वाचायला असतो. जिना उतरताना पायरी दीड मीटरवर असते आणि नजर नेमकी त्याच भागातून जाते: कडा धूसर आणि पायरी उचललेली दिसते. चष्मा बरोबर असूनही हे होतं. उपाय: हनुवटी खाली घेऊन काचेच्या वरच्या भागातून पायरी बघायची. पण बीपीपीव्ही बरं होईपर्यंत मान खाली-वर करणं त्यांना जमणार नाही, म्हणून मी चालण्याफिरण्यासाठी साधा, एकाच नंबरचा, फक्त लांबचा चष्मा वेगळा करायला सांगेन. तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट नसताना हा खर्च वाया जात नाही. पायऱ्यांच्या कडेला पिवळी किंवा पांढरी पट्टी मारा, कठडा शेवटच्या पायरीपर्यंत आहे का बघा.

सवय व्हायला दोन आठवडे पुष्कळ. दीड महिना झाला तर दुकानात जाऊन तीन गोष्टी तपासून घ्या: दोन बाहुल्यांमधलं अंतर बरोबर धरलंय का, काचेवरची खूण बाहुलीसमोर येते का, आणि फ्रेम नाकावरून घसरते का. फ्रेम तीन-चार मिलिमीटर खाली आली की सगळे भाग सरकतात. सिलिंडरचा (तिरक्या नंबरचा) अक्ष बदलला असेल तर जमीन तिरकी वाटते.

मधुमेहींनी नंबर कधी काढावा हेही महत्त्वाचं. साखर फार वरखाली होत असताना डोळ्यातलं नैसर्गिक भिंग पाणी धरतं किंवा सोडतं आणि नंबर बदलतो. त्या दिवसांत केलेला चष्मा महिनाभरात निकामी वाटतो. साखर काही आठवडे स्थिर झाली की मगच नंबर.

त्याच वेळी बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्या, मधुमेहात वर्षातून एकदा हे हवंच, दिसायला छान असलं तरी. थेंब घातल्यावर चार-सहा तास धूसर दिसतं, उजेड टोचतो. सोबत कोणीतरी असू द्या. काचबिंदूचीही तपासणी करा. डोळ्यातला दाब १० ते २१ मध्ये आहे एवढ्यावर काचबिंदू नाही असं ठरत नाही, नसेचं टोक आणि दृष्टिक्षेत्र दोन्ही पाहावं लागतं. काचबिंदूत दुखत नाही, कडेचं दिसणं हळूहळू जातं, आणि माणूस दाराच्या चौकटीला धडकतो, पायरीला अडखळतो. घरचे म्हणतात लक्ष नसतं.

दोन दिसण्याबद्दल घरी करायची चाचणी: एक डोळा झाका. दुसरी प्रतिमा गेली तर दोन डोळ्यांचा मेळ बिघडलाय, म्हणजे डोळे फिरवणाऱ्या नसा किंवा स्नायू. एक डोळा झाकूनही दोनच दिसत असतील तर दोष त्या डोळ्यातच आहे, बहुधा मोतीबिंदू किंवा चष्मा. मधुमेहात डोळा फिरवणारी एखादी नस अचानक लुळी पडते आणि बहुतेकांत तीन महिन्यांत सावरते. पण पापणी खाली आली आणि त्याच डोळ्याची बाहुली मोठी झाली, तर मेंदूतल्या रक्तवाहिनीचा फुगा नसेवर दाबत असू शकतो. तेव्हा तासांचा हिशोब.

अचानक काजवे, काळ्या माश्यांचा पाऊस, कडेने पडदा ओढल्यासारखं: त्याच दिवशी पडद्याच्या डॉक्टरांकडे. लाल डोळा, दिव्याभोवती रंगीत कडी, कपाळ फुटेल असं दुखणं आणि उलट्या: हा काचबिंदूचा तीव्र झटका असू शकतो, पित्त म्हणून रात्र काढू नका. महंमदवाडीचं एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालय किंवा ससूनचा नेत्रविभाग, दोन्हीकडे पडद्याची तपासणी होते.

पर्वती_पायथा

सगळ्यांचे मनापासून आभार, कागदावर उतरवून घेतलं. चप्पल निसटते का विचारलं, 'हो, पण त्यात काय सांगायचं' म्हणाल्या. तीन शंका. उजवा कान नक्की कसा ठरवायचा? त्यांची मान पूर्ण मागे जात नाही, मग ती चाचणी कशी? आणि बी-१२ ची इंजेक्शनं घरात पडून आहेत, आजच सुरू करू का?

अर्धवर्तुळ

ज्या कुशीवर वळताना जास्त गरगरतं ती बाजू बहुधा दोषी, पण ही नुसती शंका. खात्री डोळ्यांच्या हिसक्यावरून. एक करता येईल: त्या उजवीकडे वळतील तेव्हा फोनचा फ्लॅश लावून, डोळे उघडे ठेवायला सांगून, २०-३० सेकंदांचा व्हिडिओ घ्या. डॉक्टरांसमोर कधी कधी चक्कर येतच नाही, कारण एकापाठोपाठ केलं की ती फिकी पडत जाते. तो व्हिडिओ तेव्हा कामी येतो.

मान मागे जात नसेल तर कुशीवर आडवं करून तपासायची पद्धत आहे: पलंगाच्या कडेला बसवून मान डावीकडे ४५ अंश, आणि मग उजव्या कुशीवर. मान लोंबवावी लागत नाही. उपचारही याच धर्तीवर सेमाँ पद्धतीने होतो. संधिवाताने मान पकडलेली असेल, मानेचं ऑपरेशन झालं असेल किंवा डोळ्याच्या पडद्याचं नुकतंच काही केलं असेल तर आधी सांगा.

तेव्हा पहिला नंबर कान-नाक-घसा तज्ज्ञांचा. जाताना विचारूनच घ्या, डिक्स-हॉलपाइक आणि एप्ली तिथे करतात का. ड जीवनसत्त्वही तपासा. ते फार कमी असेल तर भरून काढल्याने कण पुन्हा सुटण्याचं प्रमाण घटतं. पाच वर्षांत जवळजवळ निम्म्या लोकांना हे पुन्हा होतं, त्यामुळे पुढच्या वेळी घाबरू नका, क्रम तोच.

ताशा_कडक

धाग्यात थोडं घुसतो. ढोल-ताशा पथकातल्या मुलांना सरावानंतर कानात शिट्टी वाजते, दडा बसतो, सकाळपर्यंत जातो. कापसाचे बोळे घालतात. हाही कानाच्या नसेचाच प्रकार का?

अर्धवर्तुळ

हो, आणि 'सकाळपर्यंत जातो' यावर विसंबू नका. आतल्या कानाच्या शंखाकृती भागातल्या, आवाज टिपणाऱ्या केसपेशी मोठ्या आवाजाने थकतात. काही सावरतात, काही मरतात, आणि मेलेल्या पुन्हा उगवत नाहीत. आधी ४००० हर्ट्झच्या आसपासच्या ऐकण्यात खड्डा पडतो. बोलणं नीट ऐकू येतं म्हणून वर्षानुवर्षं कळत नाही. मग गर्दीत शब्द तुटायला लागतात.

हिशोब असा: ८५ डेसिबल आठ तास चालतं, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. ९४ ला एक तास, १०० ला पंधरा मिनिटं. ताशाजवळ आवाज याच्या वर जातो. कापूस अगदीच थोडा आवाज अडवतो. फोमचे प्लग घ्या: बोटांत वळून बारीक करा, दुसऱ्या हाताने डोक्यावरून कान वर-मागे ओढा, आत सरकवून ३० सेकंद बोटाने धरून ठेवा. बाहेर अर्धा लोंबत असेल तर तो बसलेला नाही. पावसाळ्यात ओले प्लग कानात ठेवू नका, आणि कानात तेलही घालू नका. दमटपणात बुरशी वाढते, खाज आणि काळे-पांढरे ठिपके दिसतात.

एक कान एकाएकी बंद झाला तर तोंड मिटून 'हूं' असा सूर काढा. बंद कानात जास्त घुमला तर बहुधा मळ किंवा पडद्यामागचं पाणी. चांगल्या कानात घुमला तर नस गेली असण्याची शक्यता, आणि त्यावर स्टेरॉइड लवकरात लवकर सुरू व्हावं लागतं. पहिले काही दिवस सोन्याचे, दोन आठवड्यांनंतर फारसं हाती लागत नाही. थेंब घालत बसू नका, दुसऱ्या दिवशी ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याची तपासणी. फक्त एकाच कानात महिनोन्महिने आवाज येत असेल तर तिथे मात्र एमआरआय लागतो, नसेवरची गाठ नाही ना पाहायला.

चेतापेशी

पर्वती_पायथा, बी-१२ चं राहिलं. इंजेक्शन आज देऊ नका. आधी रक्त द्या. एक इंजेक्शन गेलं की आकडा वर जातो आणि खरी पातळी मग कळत नाही. पुढे डोस किती आणि किती दिवस हे अंदाजावर येतं. मल्टिव्हिटॅमिनची गोळी चालू असेल तर तेही लॅबला सांगा. रक्त दिल्यावर मात्र रिपोर्ट घेऊन त्याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा. लक्षणं असताना साधारण १००० मायक्रोग्रॅमची इंजेक्शनं आधी जवळजवळ, मग अंतर वाढवत देतात. वेळापत्रक ते ठरवतील. मेटफॉर्मिन स्वतःहून बंद करायचं नाही. घरातली इंजेक्शनं वापरायची असतील तर मुदत बघा आणि उजेडात ठेवलेली नव्हती ना ते पाहा, बी-१२ उजेडाने खराब होतं.

तोपर्यंत बेसिनशेजारी भिंतीत पकडायचा दांडा बसवा, तोंड धुताना स्टूलवर बसू द्या, आणि पलंगापासून संडासापर्यंत रात्रभर जळणारा छोटा दिवा लावा. इन्व्हर्टर नसेल तर बॅटरीवर चालणारा.